गाडी लीजवर की खरेदी? उसाच्या ट्रॉलीचंही बघा

काही जण म्हणतात की गाडी लीजवर, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी महिन्याच्या भाड्यानं, घेतली तर डाऊन पेमेंट नाही, विमा-सर्व्हिसिंगची कटकट नाही, मग विकत कशाला घ्यायची? पुण्यात राहून पुण्यातच फिरणाऱ्याला हे पटेल. आमचा मेव्हणा पुण्यात नोकरीला, घर सांगली जिल्ह्यात पलूसला. कंपनीमार्फत तीन वर्षांच्या लीजवर गाडी घेतली, वर्षाला १२,००० किलोमीटरची मर्यादा. एक पलूस वारी म्हणजे जाऊन-येऊन चारशेच्या आसपास. महिन्याला दोन वाऱ्या, त्यात लग्नं, जत्रा, बारशी (आमच्याकडं ती काय संपतात होय!). दिवाळीपर्यंतच वर्षाचा कोटा संपायचा, पुढं दर किलोमीटरला जादा पैसे.

पण खरा दणका गाडी परत देताना बसला. साखर कारखाने सुरू झाले की आमच्याकडच्या अरुंद रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. ओलांडताना डाव्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत सर्रकन ओरखडा. स्वतःची गाडी असती तर तसाच ठेवला असता. इथं लीज कंपनीचा माणूस मोबाईल घेऊन चारी बाजूंनी फोटो काढत फिरला आणि दोन पॅनेलच्या रंगाचे पैसे लावले. करारात 'नेहमीची झीज' म्हणजे नेमकं काय, ते सहीआधी वाचा. मेव्हण्यानं आता जुनी वॅगनआर घेतलीय, एमएच १० म्हणजे सांगली पासिंगची. तिला ओरखडे आधीपासूनच आहेत.