मदत हवी आहे : भाषा एक, मग सैन्य एकत्र का नाही?

नमस्कार मंडळी. स्पॅनिशच्या वर्गात रविवारी लॅटिन अमेरिकेच्या एकजुटीवर बोलायचंय आणि एका ठिकाणी गाडी अडली आहे. १८२६ साली सिमोन बोलिव्हारने (दक्षिण अमेरिकेच्या स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता) पनामात तिथल्या नव्या देशांची परिषद बोलावली. परस्पर संरक्षणाचा, सामाईक सैन्याचा करारही झाला, पण त्याला मंजुरी दिली ती एकट्या ग्रान कोलंबियाने (आजचे कोलंबिया, व्हेनेझुएला, इक्वेडोर, पनामा मिळून झालेला तेव्हाचा देश). १९८२ मध्ये अर्जेंटिना आणि ब्रिटन यांच्यात फॉकलंड बेटांवरून झालेल्या युद्धात पेरूने अर्जेंटिनाला मिराज लढाऊ विमानं दिली, तर शेजारच्या चिलीने चक्क ब्रिटनला मदत केली! भाषेचं मात्र वेगळं: १९५१ मध्ये मेक्सिकोत सुरुवात झालेला स्पॅनिश अकादमींचा (वेगवेगळ्या देशांतल्या स्पॅनिश भाषेच्या संस्थांचा) संघ आजही एकत्र शब्दकोश काढतो. हे कोडं मला खरंच सुटत नाही. जुने सीमावाद नडले, की अमेरिकेचा दबाव? या इतिहासाचा अभ्यास केलेलं कुणी समजावून सांगेल का? मराठीत वाचण्यासारखं काही असेल तर तेही सुचवा.