प्रतिसाद: यंत्रामुळे उत्पन्न नाहीसे होत नाही, दुसरीकडे जाते

'यंत्र पगार घेत नाही, म्हणून माल विकत घ्यायला पैसाच उरत नाही' असे म्हटले जाते, पण हा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. विकलेल्या मालाची किंमत शेवटी कोणाचे तरी उत्पन्न असतेच: मजुरी, नफा, व्याज किंवा भाडे.

समजा, 1000 रुपयांचा माल 100 कामगार बनवत होते आणि सगळी रक्कम मजुरीत जात होती. यंत्रानंतर 20 कामगार उरले, मजुरी 200. उरलेले 800 मालक आणि कर्ज देणाऱ्याकडे गेले. त्यांनी 300 खर्च केले, 200 नव्या यंत्रांत घातले आणि 300 शिल्लक ठेवले, तर 300 चा माल पडून राहतो. खरी फट ही.

त्या शिल्लक 300 मधून जुने शेअर किंवा जमीन घेतली तरी फक्त मालकी बदलते, गोदाम रिकामे होत नाही. बँकेचे कर्ज फेडले तर तेवढी ठेवच नाहीशी होते. भाव उतरले तर माल खपेल, हे खरे. पण कर्जाचे हप्ते ठरलेले असल्याने कारखानदार आधी उत्पादन कापतो, आणि उरलेल्या 20 पैकीही काही घरी जातात.

म्हणून कामगारांना नुसते पुनर्प्रशिक्षण पुरणार नाही, मालकीतला वाटाही हवा. अमेरिकेतले अलास्का राज्य 1982 पासून तेलाच्या उत्पन्नातून उभारलेल्या निधीतून रहिवाशांना वार्षिक लाभांश देते. यंत्रांच्या नफ्यालाही हीच रचना लावता येईल.