आयफोनवर स्पायवेअर हल्ल्याची सूचना आली आहे, फोन रिसेट करावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ विदर्भात वकिली करतो. भूसंपादनाच्या मोबदल्याची प्रकरणं त्याच्याकडे बरीच असतात. परवा रात्री त्याला ॲपलकडून ईमेल आणि मेसेज आला, की त्याच्या आयफोनवर 'भाडोत्री स्पायवेअर'चा (खासगी कंपन्या बनवून विकतात ते गुपचूप पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर) हल्ला झाल्याचं आढळलंय. आधी वाटलं, फसवाफसवी असेल. पण त्यात ना लिंक होती, ना ओटीपी मागितला होता. स्वतः पत्ता टाकून ॲपल अकाउंट उघडलं, तर पानाच्या माथ्यावर तीच सूचना.

हल्ला कुणी केला हे ॲपल सांगत नाही, मीही कुणावर आरोप करत नाही. पण पेगासस हे असंच स्पायवेअर बनवणारी इस्रायली कंपनी एनएसओ ते फक्त सरकारी यंत्रणांनाच विकते असं स्वतःच सांगते, म्हणून झोप उडालीय. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने ज्यांना पेगाससबद्दल सावध केलं, त्यांत भीमा कोरेगाव प्रकरणातले वकीलही होते. पेगासस प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने तपासलेल्या २९ फोनपैकी ५ मध्ये मालवेअर सापडलं, पण ते पेगाससच आहे असं ठामपणे सांगता आलं नाही. केंद्राने सहकार्य केलं नाही, असं समितीचं म्हणणं होतं. तिथे ही गत, तर तालुक्याच्या वकिलाचा फोन कोण तपासणार?

मोबाइल दुकानदार म्हणतो, फॅक्टरी रिसेट मारा. मला भीती वाटते की त्यात पुरावाच जाईल. लॉकडाउन मोड (अशा हल्ल्यांपासून बचावासाठी आयफोनमधली जादा कडक सेटिंग) सुरू केलाय, लॅपटॉपवर पासवर्ड लावून बॅकअप घेतलाय. आयओएस अपडेट मात्र थांबवलंय. त्यानेही खुणा पुसल्या जातात का? ॲम्नेस्टी या मानवाधिकार संस्थेचं एमव्हीटी (फोनमध्ये स्पायवेअरच्या खुणा शोधणारं साधन) इथे कुणी चालवलंय का? ॲक्सेस नाउ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेची हेल्पलाइन वकिलांना दाद देते का?

'सिग्नल वापरा, व्हीपीएन लावा' हे सल्ले कृपया नकोत. फोनमध्येच स्पायवेअर घुसलं असेल तर मेसेज वाटेत कितीही सुरक्षित असला तरी स्क्रीनवर उघडाच असतो.

सगळ्यात जास्त काळजी अशिलांची. शेतकरी सातबारा, पासबुकाचे फोटो, तडजोडीचे आकडे, सगळं याच नंबरवर पाठवतात. त्यांना घाबरवून न सोडता काय सांगावं? सध्या तो सगळ्यांना कागद घेऊन प्रत्यक्ष बोलावतो आणि बोलताना फोन बाहेरच्या खोलीत ठेवायला लावतो. ऑफिसातला स्मार्ट स्पीकरही काढून टाकलाय.

नागपूर-अमरावतीकडे भरवशाचा फॉरेन्सिक जाणकार माहीत असेल तर नाव इथे न लिहिता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि उद्या शक्य असेल तर उद्याच, कारण सोमवारी त्याची सुनावणी आहे आणि तोवर हाच फोन वापरायचा की नवा घ्यायचा हे ठरवायचंय.