नमुन्यांवरून काढलेला गाळ जलाशयातल्या गाळापेक्षा निम्म्याने कमी का येतो?

पूर्णाकाठ
पूर्णेच्या एका उपनदीवर जुनं मध्यम धरण आहे, पाणलोट ६४० चौ.किमी. पायथ्याला छोटं वीजगृह बसवायचं म्हणून वर्षाला गाळ किती येतो ते काढतोय. वरच्या सरितामापन केंद्रावर (नदीची पातळी-विसर्ग मोजतात तिथे) तीन पावसाळ्यांचे नमुने आहेत, रोज सकाळी आठला एक बाटली. रोजचा सरासरी विसर्ग आणि गाळ लॉग-लॉग आलेखावर मांडून रेषा काढली, तर वर्षाला १.३ लाख टन येतात. बारा वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन जलाशय-सर्वेक्षणांत मात्र साठा २.४ दलघमीने (दशलक्ष घनमीटर) घटलाय, म्हणजे वर्षाला दोन लाख घनमीटर. घनता १.४ टन प्रति घनमीटर धरली की २.८ लाख टन! इनटेकचा उंबरा (वीजगृहाकडे पाणी घेणाऱ्या तोंडाची तळपातळी) ठरवायला कोणता आकडा धरू?

कातळकाळा
सकाळी आठची बाटली, हेच मूळ दुखणं. आपल्याकडे वादळी पाऊस बहुतेक दुपारनंतर कोसळतो, एवढ्या नदीचा पूर काही तासांत चढून उतरतो. सकाळी हाती लागतं ते ओसरतं पाणी. तेवढ्याच विसर्गाला चढत्या पुरात गाळ जास्त असतो, आणि जूनच्या पहिल्या पुरात तर भेगाळलेली काळी माती उघडीच असते. चढत्या-ओसरत्या नमुन्यांच्या रेषा वेगळ्या काढा. येत्या पावसाळ्यात पूर चढताना तासाला एक नमुना घ्या, काठावरून नव्हे, पुलावरून, किमान तीन ठिकाणी, ०.६ खोलीवर.

रोजची सरासरी वापरू नका. सहा तास ४०० क्युमेक (घनमीटर प्रति सेकंद) वाहून नदी उरलेला दिवस जवळपास कोरडी राहिली, तर सरासरी १००. गाळाच्या समीकरणात (त्या लॉग-लॉग रेषेच्या) विसर्गाचा घातांक २ असेल, तर सरासरीवरून येणारा गाळ खऱ्याच्या फक्त पावपट!

शिवाय लॉगमधून परत टनांत येताना आकडा कमी पडतो. एक्सेलमध्ये एक्स्प(२.६५ × एस²) एवढ्याने गुणा, एस म्हणजे दहाच्या पायाच्या लॉगमधली रेषेची प्रमाण त्रुटी.

गाळपेर
नमुन्यांनाच किती धोपटाल? त्या १.४ लाही जाब विचारा. उन्हाळ्यात बराच उघडा पडणाऱ्या जलाशयात ताज्या गाळाची कोरडी घनता लारा-पेंबर्टनच्या नेहमीच्या तक्त्याप्रमाणे चिकणमाती ५६१, पोयटा ११४०, वाळू १५५० किलो प्रति घनमीटर (घमी). समजा प्रमाण ६०:३०:१० आहे, तर मिश्रण ८३४. तुमचे दोन लाख घमी म्हणजे १.६७ लाख टन, २.८ नव्हे. जुना गाळ दबून घट्ट होतो, तेव्हा खरा आकडा याच्या थोडा वर. तळातून नमुने काढून चाळणी आणि हायड्रोमीटर (बारीक कणांचं प्रमाण मोजायला) लावल्याशिवाय हे प्रमाण कुणी सांगू नये.

आणखी एक. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' मध्ये तिथून ट्रॅक्टर भरून गाळ गेला असेल, तर सर्वेक्षणातली घट मुळातच कमी दिसते. ब्रासच्या नोंदी मागवा (१ ब्रास = २.८३ घमी, तोही मोकळा गाळ). नमुन्यांच्या बाजूला तळाने सरकणारी वाळू धरलेली नाही, तिचे साधारण १० ते १५ टक्के वाढवा.

उंबऱ्याचं म्हणाल तर एकूण टनांवरून तो ठरत नाही. वाळू नदी जलाशयात शिरते तिथेच बसते, बारीक चिखल भिंतीपर्यंत येतो. भिंतीजवळ तळ किती चढणार, ती नवी शून्य पातळी काढा आणि उंबरा तिच्यावर ठेवा. टर्बाइनच्या पात्यांच्या झिजेची धास्ती इथे त्यामानाने कमी.

पूर्णाकाठ
एस ०.३१ निघाला, म्हणजे गुणक १.२९. घातांक १.७. तासवार पातळी स्वयंचलित नोंदीत आहे. तीन वर्षांत बाटलीत सापडलेला सर्वांत मोठा विसर्ग मात्र २१० क्युमेक, पुराचा शिखर विसर्ग ९०० च्या वर.

कातळकाळा
मग रेषा तासवार विसर्गावर चालवा, पण २१० च्या पुढे ती रेषा ओढलेली आहे, मोजलेली नाही. तेवढा भाग आलेखावर तुटक दाखवा. वर्षाचे निम्मे टन त्याच भागातून येत असतील, तर तो आकडा अहवालात टाकू नका. सध्या सर्वेक्षणाचा धरा.