‘सर’, ‘तोड’ की ‘पासंग’? चोरीच्या विनोदी चित्रपटाचा दुसरा भाग तोलताना

पणजीहून प्रश्न (उत्तरं गोव्यातल्या वाचकांची, प्रत्येकावर गावाचं नाव)

‘ओशन्स इलेव्हन’ (२००१) आणि ‘ओशन्स ट्वेल्व’ (२००४) या दोन चित्रपटांवर माहितीपत्रकासाठी मराठीत छोटं टिपण हवं आहे. मसुदा तयार आहे, दोन जागी गाडी अडली आहे. ‘हाइस्ट’ला, म्हणजे बेत आखून केलेल्या मोठ्या चोरीला, ‘दरोडा’ लिहिलंय, ते बरोबर आहे का? आणि शेवटचं वाक्य सध्या असं आहे : ‘दुसरा भाग पहिल्याने निर्माण केलेल्या अपेक्षांवर खरा उतरत नाही.’ त्याऐवजी ‘सर येत नाही’, ‘तोडीचा नाही’ आणि ‘पासंगालाही पुरत नाही’ असे तीन पर्याय सुचवले गेलेत. तिन्हींचा अर्थ एकच की फरक आहे?

फोंडा

आधी ‘अपेक्षांवर खरा उतरणे’ काढा. ती सरळ हिंदी आहे. मराठीत सोनं कसाला उतरतं, अपेक्षा पुऱ्या होतात किंवा फोल ठरतात.

‘दरोडा’ हा शब्द पोलीस आणि वार्ताहर जपून वापरतात, कारण त्याला आकडा चिकटलेला आहे. पाच किंवा त्याहून जास्त जणांनी मिळून जबरी चोरी केली किंवा तसा प्रयत्न केला तरच दरोडा. जुन्या भारतीय दंड संहितेत हे कलम ३९१ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते ३१० झालं. चौघेच असतील तर ती ‘जबरी चोरी’, कलम ३०९. आणि जबरी चोरी ठरायला नुसतं चोरून नेणं पुरत नाही. चोरी करताना मारहाण, अडवून ठेवणं किंवा त्याच क्षणी जिवाची वा इजेची भीती घालणं लागतं. बंद घराची कडी तोडून दागिने नेले तर ती घरफोडी. बातमीत हे शब्द उलटसुलट झाले तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागतो. चतुराईने, कुणाला धक्का न लावता तिजोरी रिकामी करणाऱ्यांना दरोडेखोर म्हणू नका.

डिचोली

कुणाला धक्का न लावता? ‘इलेव्हन’मध्ये तिजोरीच्या दारापुढचे पहारेकरी बेशुद्ध पाडले जातात, आणि टोळी अकरा जणांची. म्हणजे तुम्ही सांगितलेल्या कलमाने दरोडाच बसतो. वर कॅसिनोमालकाला फोन : निम्मे पैसे निमूट व्हॅनमध्ये चढवू द्या, नाहीतर सगळेच उडवून देतो. ही खंडणी झाली. कायद्याच्या कसोटीवर ‘दरोडा’ टिकतो.

तरी तो शब्द नकोच, कारण अडचण कानाची आहे. दरोडा म्हटलं की मराठी वाचकाला काळोख, कोयते, खांबाला बांधलेला घरमालक आठवतो. त्यात हसण्यासारखं काही नाही. फार तर एक प्रयोग चालेल : ‘दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद’ हा मथळा आपल्याकडे नेहमीचा आहे, आणि या जातीच्या चित्रपटांचा अर्धा वेळ तयारीतच जातो. टिपणात थट्टेने तेवढं एक वाक्य येऊ द्या.

म्हापसा

‘डल्ला’ सुचवतो. ‘डल्ला मारणे’ विनोदाला जवळचं आहे. फडताळातल्या लाडवांवरही डल्ला मारता येतो. पण एक खोट आहे. डल्ला हा संधी साधून मारायचा असतो, त्यात तयारी नसते. ‘हात मारणे’, ‘हात साफ करणे’ यांचंही तेच. ‘धाडसी चोरी’ वर्तमानपत्रांनी इतकी झिजवली आहे की सायकल गेली तरी चोरी धाडसीच. ‘गंडा घालणे’ आणि ‘ठगी’ ही वेगळी गोष्ट. तिथे माणूस बोलण्याला भुलून स्वतःच्या हाताने पैसे देतो. ‘बंटी और बबली’ (२००५) त्या खात्यात जाईल, या खात्यात नाही.

हाइस्टचा गाभा म्हणजे बेत. माणसं जमवायची, जागा हेरायची, तालीम करायची, घड्याळं जुळवायची. म्हणून ‘चोरीचा बेत’ हे जोडपं वापरा. प्रकाराचं नाव हवं तर ‘बेताच्या चोरीचा विनोदपट’. (‘बेताचा विनोदपट’ मात्र लिहू नका. मराठीत ‘बेताचा’ म्हणजे जेमतेम. परीक्षण तिथेच संपेल.)

साखळी

आता ‘सर’. तिन्ही शब्द एका अर्थाचे नाहीत आणि व्याकरणातही एकसारखे वागत नाहीत.

‘सर’ म्हणजे बरोबरी. रचना अशी : ‘याला त्याची सर नाही’, ‘याला त्याची सर येणार नाही’. हा शब्द नकारात किंवा प्रश्नात रमतो. ‘दुसऱ्या भागाला पहिल्याची सर आली’ हे अशुद्ध नाही, पण कुणी सहसा असं म्हणत नाही. शिवाय ‘सर’ वापरली की थोरला आधीच थोर ठरलेला असतो. तुलना खरं तर होऊन गेलेली असते.

‘तोड’ दोन्हीकडे चालते. ‘तोडीचा आहे’, ‘तोडीचा नाही’, ‘तोडीस तोड’. यात दोघे समोरासमोर उभे असतात. पहिला भाग मोठाच हे गृहीत न धरता तुलना करायची असेल तर हा शब्द घ्या.

‘पासंग’ फारसीतून आला. तागडीची दोन पारडी रिकामी असतानाही समतोल नसतील तर हलक्या बाजूला जो खडा बांधतात तो पासंग. म्हणजे मालाच्या वजनात तो धरलेलाच नसतो. ‘पासंगालाही पुरत नाही’ याचा अर्थ त्या खड्याएवढंही वजन नाही. हे फार जहाल आहे. ‘ट्वेल्व’ला ते लावणं अन्यायाचं होईल.

‘तोलामोलाचा’ सोयरीक आणि कुस्तीला बरा. दुसरा भाग सरस ठरला तर ‘उजवा ठरला’ किंवा ‘सवाई निघाला’. ‘सवाई’त मजा अशी की तो पहिल्याच्या सव्वापट आहे, पण आहे त्याच वंशाचा.

काणकोण

मथळा मी देतो : ‘इलेव्हनचे बारा वाजले!’ आणि २००७ चा तिसरा भाग ‘थर्टीन’, त्याला ‘तीनतेरा’. मराठीने हे आयतंच वाढून ठेवलंय.

फोंडा

आयतं आहे म्हणूनच घेऊ नका. ‘थर्टीन’ हा ‘ट्वेल्व’पेक्षा नेटका आहे, कोटीसाठी त्याचे तीनतेरा कशाला?

म्हापसा

फोंड्याशी सहमत. पण शब्द निवडायच्या आधी दुसऱ्या भागात नेमकं काय बिघडलं ते पाहावं लागेल, नाहीतर ‘सर’ की ‘तोड’ हा नुसता चवीचा प्रश्न उरतो.

या प्रकाराचा एक अलिखित नियम आहे. बेत प्रेक्षकाला आधी पूर्ण सांगितला तर तो फसायलाच हवा, कारण ऐकलेलीच गोष्ट पुन्हा पाहण्यात मजा नाही. बेत लपवला तर तो यशस्वी होऊ शकतो, पण लपवलेल्या भागाच्या खुणा डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात. ‘इलेव्हन’ दोन्ही करतो. बेलाजिओ, मिराज आणि एमजीएम ग्रँड या तीन कॅसिनोंचा पैसा एकाच तिजोरीत येतो, सुमारे १६ कोटी डॉलर. टोळी तिजोरीची हुबेहूब प्रतिकृती बांधते. आपल्याला वाटतं ती तालमीसाठी आहे. तालमीसाठी ती असतेच, पण तिथे केलेलं चित्रीकरण ऐन वेळी मालकाच्या पडद्यावर सोडलं जातं. मालक खऱ्या तिजोरीऐवजी नकली तिजोरी पाहत बसतो, घाबरतो, सशस्त्र पोलीस पथक बोलावतो. आणि ते पथक म्हणजे हीच मंडळी. पैसा त्यांच्याच पिशव्यांतून समोरच्या दाराने बाहेर जातो.

उलगडा कशाने होतो ते पाहा. मालक पुन्हा चित्रफीत बघतो आणि विचारतो, जमिनीवर हॉटेलचं नाव का दिसत नाही? खऱ्या तिजोरीत ते नाव मंगळवारीच बसवलेलं आहे, प्रतिकृती त्याआधीची. म्हणजे फरक प्रेक्षकाच्याही डोळ्यांसमोर होता, फक्त त्याचं लक्ष दुसरीकडे नेलं होतं. मराठीत याला ‘चकवणे’ म्हणतात.

गळती इथेही आहे. व्हॅनमधल्या पिशव्यांत पैशांऐवजी जाहिरातीचे कागद निघतात. ते गठ्ठे तिजोरीत शिरले कसे? आत जाताना कुणाकडेही एवढं सामान नव्हतं. याचं उत्तर चित्रपट देत नाही. पण पहिल्यांदा बघताना हा प्रश्न सुचत नाही, घरी जाताना सुचतो. विनोदपटाला तेवढी सवलत असते.

‘ट्वेल्व’मध्ये काय होतं? मालक व्याजासकट पैसे मागतो, मुदत दोन आठवडे. टोळी युरोपात जाते, एका फ्रेंच चोराशी पैज लागते, वस्तू म्हणजे रत्नजडित फाबर्झे अंडं. मग रोममधल्या संग्रहालयाची टेहळणी, पकडापकडी, लेझर किरणांच्या जाळ्यातून त्या फ्रेंच चोराचा नाच. आणि शेवटी कळतं की खरं अंडं आधीच आगगाडीत, ते नेणाऱ्याच्या पाठीवरच्या पिशवीतून बदललं गेलं होतं. रोममध्ये जे चाललं होतं ते त्या फ्रेंच चोराला गुंगवण्यासाठी. बदलाबदल आपल्याला दिसते ती सगळं संपल्यावर, मागे वळून. जमिनीवरच्या नावासारखी खूण आधी पेरलेली नाही. हे चकवणं नव्हे, हे ‘फसवणे’. आपल्या कोकणी बोलीत ‘फट’ मारणे.

मडगाव

थोडं थांबा. ‘ट्वेल्व’ला बेताच्या तराजूत घालणंच मला पटत नाही. त्याची जातकुळी वेगळी. तो पहिल्या भागाच्या यशाची थट्टा करतो. टेस नावाचं पात्र ज्युलिया रॉबर्ट्सने केलंय, आणि तेच पात्र चोरीसाठी ज्युलिया रॉबर्ट्स असल्याचं सोंग घेतं; त्यात स्वतः ब्रूस विलिस भेटायला येतो आणि सोंग उघडं पडायची वेळ येते. बहुरूप्याला खऱ्या पाटलाने वाटेत गाठावं, तसा हा प्रवेश. हसू येतंच. तेव्हा ‘सर नाही’ म्हणण्याऐवजी ‘वाट वेगळी’ म्हणा.

साखळी

जातकुळी वेगळी हे मान्य, आणि तो प्रवेश उत्तमच आहे. पण तो प्रवेश चोरीला कुठे जोडलेला आहे? अंडं आधीच हाती आलेलं असताना टेस पकडली गेली काय नि सुटली काय, आपल्या जिवाला घोर नाही. प्रहसनातही सोंग उघडं पडलं तर काहीतरी जाणार असतं, म्हणून पोटात गोळा येतो. दशावतारातला संकासुर वाटेल तशी थट्टा करतो, पण त्याने पळवलेले वेद खरेच पळवलेले असतात.

डिचोली

तिसऱ्या भागाचंही एका वाक्यात येऊ द्या, कारण तिथे ‘चोरी’ हा शब्दच अपुरा पडतो. नव्या हॉटेलमालकाने टोळीतल्या म्हाताऱ्याला बुडवलेलं असतं. त्याचा सूड म्हणून उद्घाटनाच्या रात्री सगळ्या जुगाऱ्यांना जिंकवायचं आणि नकली भूकंप घडवून जिंकलेल्या पैशांसकट बाहेर काढायचं, असा बेत. त्यासाठी मेक्सिकोतल्या कारखान्यात जाऊन फासे बिघडवतात, तिथे संपच सुरू होतो, भूकंपाचं बोगदा पाडायचं यंत्र मध्येच बंद पडतं, आणि दुसऱ्या यंत्रासाठी पहिल्या भागातल्या त्याच मालकापुढे हात पसरावे लागतात. प्रत्येक अडचण बेतातून उगवते. याला ‘दिवाळं काढणे’ म्हणा. आणि फाशांना ‘फासे’च लिहा, ‘डाइस’ नको. जत्रेतला गडगडो, म्हणजे फाशांचा जुगार, पाहिलेल्या गोव्यातल्या वाचकाला फासे समजावून सांगावे लागत नाहीत.

तसंच ‘कॅसिनो’ला ‘जुगारअड्डा’ करू नका. मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटींना कुणी जुगारअड्डा म्हटलं की ते वर्णन राहत नाही, मत होतं.

काणकोण

मग ‘शिळ्या कढीला ऊत’?

म्हापसा

तो वाक्प्रचार मिटलेलं प्रकरण उकरून काढण्यासाठी. मूळचीच चव पुन्हा तापवून वाढली असती तर चालला असता, पण ‘ट्वेल्व’ने नेमकं तेच केलेलं नाही. शिवाय इथल्या निम्म्या वाचकांना कढी म्हटल्यावर सोलांची आठवेल, आणि नारळाच्या रसाची सोलकढी ताजीदेखील जोरात तापवली तर फुटते, उतू जात नाही.

जुन्याची पुनरावृत्ती टाळण्याचा प्रश्न चोरीच्या विनोदपटांत आधीपासून आहे. मारिओ मोनिचेल्लीच्या १९५८ च्या इटालियन चित्रपटात टोळी चुकीची भिंत फोडते आणि स्वयंपाकघरात निघते. मग तिथलं जेवण खाऊन परत जाते. १९५९ मध्ये दुसरा भाग आला, दिग्दर्शक नान्नी लॉय. आता तीच टोळी पुन्हा चुकीच्या भिंतीतून निघाली तर हसणार कोण? फजितीच्या गोष्टीत दुसऱ्या वेळी थोडं यश द्यावं लागतं, सफाईच्या गोष्टीत थोडी फजिती. ‘ट्वेल्व’ने फजिती दिली, पण तीही खोटी निघाली.

पणजी

सगळं जमवून शेवट असा केलाय : ‘चोरीचा बेत आखण्यात पहिला भाग प्रेक्षकाला चकवतो, दुसरा त्याला फसवतो. नटमंडळींची मौज तोडीस तोड असली, तरी बेताच्या बाबतीत दुसऱ्याला पहिल्याची सर नाही.’ ‘दरोडा’ फक्त तयारीच्या थट्टेत ठेवला आहे.

फोंडा

‘च्या बाबतीत’ काढा, तो कचेरीतला आहे. ‘बेतात मात्र पहिल्याची सर नाही.’

साखळी

‘बेतात’ एकटं ठेवलं तर ‘कपात चहा बेतात ओत’ यातलं बेतात वाटेल. ‘बेत रचण्यात मात्र दुसऱ्याला पहिल्याची सर नाही’ असं करा. आणि पहिल्या वाक्यात ‘आखण्यात’ आहेच, तिथे नुसतं ‘पहिला भाग प्रेक्षकाला चकवतो, दुसरा फसवतो’ पुरे.