मदत हवी आहे: जुन्या जीपच्या पुढच्या एक्सलमध्ये पाणी जातंय, आणि बाबांच्या वहीतली ‘नळी’ कोणती?

नमस्कार मंडळी,

मी भांडुपला राहते. गाव सुधागड तालुक्यात, पालीच्या पुढे आत. घर खाली गावात आणि आमची वरकस जमीन तिथून तीन किलोमीटर वर, डोंगराच्या अंगाला. मध्ये वहाळ आहे. त्यावर साकव आहे, पण तो पायी जाणाऱ्यांपुरता. खत, चिरे, कलमं वर न्यायची किंवा गवताचे भारे खाली आणायचे तर गाडी वहाळातूनच घालावी लागते. त्यासाठी घरी महिंद्राची ५४० आहे. फोर बाय फोर, २११२ सीसीचं पुजो डिझेल इंजिन, १९९८ची नोंदणी, एमएच ०३. बाबांनी २००३मध्ये सेकंडहँड घेतली. २०१३, २०१८ आणि २०२३ला पासिंग होऊन नोंदणी वाढवून घेतली, पुढची खेप २०२८ला. बाबा गेल्यावर फॉर्म ३१ भरून गाडी आईच्या नावावर केली. कागदांची काळजी नाही, काळजी पुढच्या एक्सलची आहे.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता काकांनी (बाबांचे चुलतभाऊ, वय ६७, गावाला गाडी आता तेच चालवतात) पुढच्या डिफरन्शियलचं (एक्सलच्या मधोमध असलेल्या गिअरच्या पेटीचं) तेल बघायला बोल्ट सैल केला, तर आतून चक्क दुधाच्या चहासारखं तेल आलं. मागच्या डिफरन्शियलचं मात्र स्वच्छ होतं. दिवाळीनंतर मी गाडी मुंबईला आणली. इथल्या एका गॅरेजमध्ये दोन्ही बाजूंची ऑइल सील, एका चाकाचं बेअरिंग आणि नव्वद नंबरचं नवं तेल मिळून ९,४०० रुपये झाले. या जूनमध्ये दोनदा वहाळ ओलांडला आणि पुन्हा तोच चहा. तालुक्याच्या मेकॅनिकने पुन्हा सील बदलली. परवा, लावणी उरकल्यावर, काकांनी फोन केला: “पोरी, परत पांढरं झालंय.”

मुंबईच्या गॅरेजमध्ये मी विचारत होते की सील नवी असूनही पाणी आत जाऊ शकतं का. तिथल्या माणसाने माझ्याकडे न बघता माझ्यासोबत आलेल्या मावसभावाला सांगितलं, “पाण्यात गाडी घालू नका.” मावसभाऊ बँकेत आहे, त्याला हबची टोपी कुठली तेही माहीत नाही. मला राग आला, अजून आहे. पाण्यात घालायची नसती तर ही गाडी कशाला ठेवली असती?

आता वहीबद्दल. बाबा बेस्टच्या मुलुंड डेपोत फिटर होते. शनिवारी संध्याकाळी ड्यूटी संपली की गावाला, आणि सोमवारी पहाटे परत. गाडीला हात लावला की त्या दिवशी वहीत नोंद व्हायचीच. दोनशे पानी वही आहे, कडा तेलाने काळ्या झालेल्या. नोंदी अशा:

“वहाळ २ वेळा. ब्रेक सुकवले. हब ग्रीस. नळी.”
“डिझेल फिल्टरचं पाणी सोडलं. मागचा उजवा पाटा, सेंटर बोल्ट आवळला. नळी.”
“वहाळ नाही. तरी नळी.”

पावसाळ्यातल्या जवळपास प्रत्येक नोंदीत शेवटी ‘नळी’. एका ठिकाणी “नळी फुंकली, मोकळी” असं आहे. आधी वाटलं डिझेलची नळी. पण ती दर आठवड्याला कोण फुंकेल? मग रेडिएटरची वाटली. काकांना माहीत नाही. ते म्हणतात की ते काम बाबा एकटेच, सकाळी चहाच्या आधी करायचे. तालुक्याच्या मेकॅनिकला वही दाखवली तर तो म्हणाला, “जुन्या लोकांच्या सवयी असतात ताई.” मला ते पटत नाही. बाबा उगाच काही लिहिणारे नव्हते. आईला पाठवलेल्या पत्रातसुद्धा पाच ओळींच्या वर जात नसत.

तर माझे प्रश्न:

सील दोनदा बदलूनही पाणी कुठून जातंय? ही नळी कोणती? आणि मी महिन्यातून एकदाच गावी जाऊ शकते, मधले तीन आठवडे गाडी गोठ्याशेजारच्या पडवीत उभी असते, तर तिची निगा कशी राखायची?

काका म्हणतात विकून टाक, भाड्याने पिकअप सांगू. पण भाड्याची पिकअप आषाढात वहाळापाशी थांबते आणि ड्रायव्हर हात जोडतो. गेल्या श्रावणात वर गुरं राखणाऱ्याला साप चावला, तेव्हा याच जीपमधून त्याला खाली आणलं. तो वाचला. म्हणून मला ती विकायची नाही, नीट करायची आहे.

लालमाती:
ताई, दोन-तीन गोष्टी सांगा म्हणजे नक्की बोलता येईल. हब लॉक (पुढची चाकं एक्सलला जोडायची-सोडायची कळ) आहेत का? वहाळापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, आणि गाडी थांबवून पाण्यात घालता की सरळ? पुढच्या एक्सलच्या नळकांड्यावर, डिफरन्शियलच्या जवळ, वरच्या बाजूला एखादी पितळी टोपी किंवा रबरी पाइप दिसतोय का?

धागाकर्ती:
हब लॉक बाबांनी नंतर बसवून घेतलेत. घरापासून वहाळापर्यंत चढ-उताराची वाट आहे, फोर लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकून २० ते २५ मिनिटं. काका थांबत नाहीत, सरळ घालतात. टोपीचं काकांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, “एक काळा पाइप आहे, वर बॉनेटखाली कुठेतरी जातो, वायरचा असेल.”

लालमाती:
तो वायरचा पाइप नाही ताई. तुमच्या बाबांची नळी तीच. त्याला ब्रीदर म्हणतात.

एक्सलच्या आत तेल असतं आणि तेलाच्या वर हवा. २५ मिनिटं लो गिअरमध्ये चढ-उतार केला की तेल तापतं, हवाही तापून फुगते. जास्तीची हवा ब्रीदरमधून बाहेर जाते. मग तोच तापलेला एक्सल तुम्ही वहाळाच्या गार पाण्यात घालता. आतली हवा झटकन आकसते आणि एक्सल बाहेरून हवा ओढायला लागतो. ब्रीदर मोकळा असेल तर त्यातून कोरडी हवा येते. तो बंद असेल तर ती ओढ सीलच्या ओठावर येते, आणि सीलच्या बाहेर पाणी उभं असतं. सील मुळात आतलं तेल बाहेर जाऊ नये म्हणून बनवलेलं. बाहेरचं पाणी जोराने आत ओढलं जात असेल तर नवंकोरं सीलसुद्धा ते अडवू शकत नाही. म्हणून तुमची सील दोनदा बदलून उपयोग झाला नाही.

तुमच्या बाबांनी टोपी काढून तिथे पाइप जोडला आणि तोंड बॉनेटखाली उंच नेलं, म्हणजे पाणी एक्सलच्या वर आलं तरी ब्रीदर बुडणार नाही. बरोब्बर काम केलंय. फक्त तो पाइप मोकळा आहे ना, हे बघत राहावं लागतं.

पुढच्या खेपेला पाइपचं वरचं टोक शोधा आणि फुंका. मोकळा असेल तर हवा सहज जाईल. नसेल तर खालचं टोक सोडवा, बारीक तार घालून साफ करा. मग तेल काढा, थोडं नवं तेल घालून गाडी दोन किलोमीटर फिरवा, तेही काढून टाका आणि मग पुरेसं भरा. चहा झालेलं तेल एका खेपेत पूर्ण निघत नाही, आणि राहिलेलं पाणी बेअरिंगला गंज आणतं.

आणि काकांना सांगा, वहाळापाशी दहा मिनिटं थांबा. एक्सल थोडा निवू दे.

घाटमाथा:
वरच्या उत्तराशी सहमत. एक भर घालतो. पुढच्या चाकांपाशी लोखंडी गोळा असेल, चाक वळलं की जो दिसतो, तर त्याच्या कडेचं फेल्ट सीलही बघा. ते झिजलं की गोळ्यात पाणी जाऊन ग्रीस पातळ होतं.

तीन आठवडे उभ्या गाडीबद्दल: बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. डिझेलची टाकी भरून ठेवा, अर्ध्या टाकीत आतल्या पत्र्यावर दव धरतं आणि ते पाणी डिझेलमध्ये उतरतं. हॅन्डब्रेक ओढून ठेवू नका, कोकणातल्या दमटपणात ड्रमला लायनर चिकटतात; गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांखाली दगड लावा. काकांना आठवड्यातून एकदा नुसती सेल्फ मारून बंद करायला सांगू नका. वीस मिनिटं चालवायला सांगा, नाहीतर इंजिन तापत नाही आणि आतला ओलावा तसाच राहतो.

बैलगाडी:
ताई, राग मानू नका, पण २७ वर्षांची गाडी, सुटे भाग शोधायचे, वर ग्रीन टॅक्स. हिशेब घातला तर भाड्याची गाडी स्वस्त पडते. चार महिन्यांचं सामान मे महिन्यात वर नेऊन ठेवा.

धागाकर्ती:
राग नाही दादा, हिशेब मी घातला आहे. मे महिन्यात खत आणि चिरे नेता येतात, ते नेतोच. पण आवणातली (लावणीसाठी वाढवलेली) भाताची रोपं मे महिन्यात नेता येत नाहीत, आणि साप महिना विचारून चावत नाही. सुट्या भागांसाठी कुर्ल्याला सीएसटी रोडला दोन चकरा मारल्या की या गाडीचं अजून बरंच मिळतं. बाबा तिथूनच आणायचे.

लालमातीदादा, येत्या शनिवारी जाते आणि कळवते.

धागाकर्ती (नऊ दिवसांनी):
नळी सापडली.

बॅटरीच्या मागे, फायरवॉलला एका जुन्या क्लिपमध्ये अडकवलेली. मी फुंकली, गाल फुगले पण हवा जाईना. तोंडाशी लाल माती घट्ट बसलेली. काकांनी ती काडीने उकरली तर आत मातीची छोटी कोठडी आणि त्यात वाळलेल्या अळ्या. कुंभारीण माशीने घर बांधलं होतं! पडवीत तिची घरं भिंतीला असतातच, तिला हे भोक आयतं मिळालं. बाबा दर खेपेला फुंकायचे म्हणून तिला कधी बांधून पुरं करता आलं नसेल.

खालचं टोक सोडवलं, तार घातली, अर्धा वीत माती निघाली. तेल तुम्ही सांगितलं तसं दोनदा काढलं. गोळ्यावरचं फेल्ट सील ठीक होतं, ग्रीस नवं भरलं. मग मी स्वतः गाडी घेऊन वर गेले. काका शेजारी बसले. वहाळापाशी दहा मिनिटं थांबलो, पाणी गुडघ्याच्या वर होतं. चार वेळा ओलांडला. रविवारी संध्याकाळी बोल्ट सैल करून बघितलं: तेल मधासारखं, पारदर्शक.

रात्री वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. २००३ आणि २००४च्या नोंदींत नळी नाहीच. पहिल्यांदा येते ती शनिवार, ६ ऑगस्ट २००५ला: “पुढचा, मागचा, दोन्हीला पाइप जोडून तोंड वर. नळी.” तेव्हा मी तेरा वर्षांची होते. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, त्यानंतर बाबा चार दिवस डेपोतून घरी आले नव्हते. पाण्यात उभ्या राहिलेल्या बस डेपोत ओढून आणत होते आणि बाबा नि बाकीचे फिटर रात्रंदिवस एक्सलचं तेल काढत होते. पाचव्या दिवशी आले तेव्हा त्यांच्या नखांत पांढरट चिखल होता. आई म्हणाली होती, हा कसला चिखल, तर म्हणाले, “तेलात पाणी गेलं की असं होतं.” एवढंच आठवतंय.

नळीच्या टोकाला आता बारीक जाळी लावली आहे, हवा जाईल पण माशी जाणार नाही अशी. चूक असेल तर सांगा.

एक नवा प्रश्न राहिलाय. गाडीखाली झोपले होते तेव्हा मागच्या डाव्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरपाशी, म्हणजे पाटा टांगलेला असतो तिथे, चासीवर हातोडीने ठोकून बघितलं. बाकी सगळीकडे खणखणीत आवाज, तिथे वीतभर जागेत बद्द. आत चिखल भरलाय की पत्रा गेलाय हे कळत नाही. पाण्याचा जोर मारला तर एका भोकातून माती येते, दुसरं भोक बुजलेलं आहे. काका जळकं ऑइल मारायला निघाले होते, मी थांबवलं, कारण पाट्यांची रबरी बुश तिथेच आहेत. आत आधी पूर्ण धुऊन सुकवायचं की थेट वेल्डरकडे न्यायचं? आणि भांडुप ते कुर्ला या पट्ट्यात चासीचं काम पत्रा चिकटवून नाही, तर गंजलेला भाग कापून नवा तुकडा घालून करणारा कोणी माहीत असेल, आणि जो माझ्याशी बोलेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गाडी दसऱ्यानंतर मुंबईला आणू शकते.