बचतगटाची अध्यक्ष, पण हळदीकुंकवाला मागच्या खोलीत: चालतं का तुम्हाला हे?

चटणीभाकर
नमस्कार मंडळी, जरा लांबड लागणारे, आधीच सांगते. आमच्या गावात (सोलापूर जिल्हा, नाव नको) यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू तीन बचतगटांनी मिळून केलं, समाजमंदिरात, माईक बिईक लावून. आमच्या चुलतजाऊबाई त्यातल्या एका गटाच्या अध्यक्ष. दीर जाऊन सहा वर्षं झाली. बँकेत तिची सही चालते, शेवयाच्या मशीनचं कर्ज तिच्याच सहीनं निघालं आणि हप्ता एकदा म्हणून चुकला नाही. वाणाला चहाची स्टीलची गाळणी द्यायची ठरली तर तीच टेम्पोत बसून सोलापूरला गेली, घासाघीस करून घेऊन आली.
आणि कार्यक्रमाला बाई कुठे, तर मागच्या खोलीत गाळण्या मोजून पिशव्यांत भरतेय. मी हाताला धरून बाहेर आणून बसवलं. तर करंडा घेऊन फिरणारी पोरगी, असेल वीस-बावीसची, तिने हिच्या अलीकडच्या बाईला कुंकू लावलं, अर्धं पाऊल तिरकं टाकलं आणि पलीकडचीला लावलं. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. रस्त्यातलं डबकं चुकवतो ना आपण, तसं. वर सरपंचबाई (महिला राखीव जागेवरच्याच) भाषणात महिला सक्षमीकरण चार वेळा म्हणाल्या, मी मोजलं.
माझं म्हणणं, घरी काय करायचं ते करा, गटाच्या बॅनरखाली हळदीकुंकू नको.

उसाचं_पाचट
ताई नाही पटलं. मी दहा वर्षं सीआरपी (बचतगटांची समुदाय संसाधन व्यक्ती) म्हणून गावोगाव गट बांधलेत. मीटिंग आहे म्हटलं की सासू विचारते खुरपायला कोण जाणार, आणि हळदीकुंकू म्हटलं की तीच सासू म्हणते काठपदराची नेस. आमचा पहिला गट चैत्रगौरीला जमला, आंब्याची डाळ आणि पन्हं झालं की रजिस्टर बाहेर काढायचो, शंभर शंभर रुपये गोळा करायचो, नवऱ्यांना सहा महिने पत्ता नव्हता. तुम्ही हे बंद केलंत तर बायका घराबाहेर पडणार कशाच्या नावावर? कर्जाच्या?

तिरपी_मात्रा
@उसाचं_पाचट मान्य, पण ती वाट उघडते कुणाला? सवाष्णीला. गटाची सगळ्यात जास्त गरज जिला, म्हणजे विधवा, टाकलेली, तिला ते आमंत्रणच नाही. म्हणजे गट सुरू होतानाच गळती सुरू.
आणि बंदच कशाला करायला हवं, सगळ्यांना लावा की. हेरवाडने (शिरोळ तालुका, कोल्हापूर) मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला, नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं.

उसाचं_पाचट
परिपत्रक आमच्याही ग्रामपंचायतीत आलं होतं. फायलीला लावलं.

कोपऱ्यातला_पेशवा
आला सीझन. संक्रांत आली की सुधारकांना उचक्या लागतात, बाकी धर्मांत सगळं आलबेल. अहो धर्माने बाईला अडवलं असतं तर अहिल्याबाई झाल्या असत्या का? विधवाच होत्या ना? 1767 ते 1795 राज्य केलं, महेश्वरला विणकर आणून वसवले, तो माग आजही चालतोय आणि त्यावर बायका बसतात. 1780 ला काशी विश्वनाथाचं देऊळ बांधलं. रोज शिवपूजा करून कारभार बघणारी बाई. त्यांना कुणी मागच्या खोलीत बसवलं नव्हतं.

तिरपी_मात्रा
बसवलं नव्हतं, चितेवर बसायच्या होत्या. 1754 ला कुंभेरीच्या वेढ्यात नवरा खंडेराव गेले तेव्हा सासरे मल्हाररावांनी सती जाण्यापासून थांबवलं म्हणून पुढचं सगळं घडलं. सासऱ्याची दौलत पाठीशी होती आणि सासरा त्या तोलामोलाचा होता. शेवयाच्या मशीनवाल्या बाईला असा सासरा कुठून आणायचा? मी धर्म सोडा म्हणतच नाहीये, अहिल्याबाईंनी तरी कुठे सोडला.
आणि रीत बदलायची तर शास्त्र बदलेपर्यंत थांबावं लागत नाही. 1890 मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांनी सभा भरवून ठरवलं, विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. ज्याच्या हातात वस्तरा त्यानेच नाही म्हटलं, विषय संपला. इथे करंडा कुणाच्या हातात आहे? बायकांच्याच ना?

कोपऱ्यातला_पेशवा
बरं बरं. बाकी धर्मांबद्दल मात्र गप्पच.

शिलाईवाली_आपा
गप्प कशाला, मी बोलते. आमच्या गटात आम्ही चौघी मुस्लिम. हळदीकुंकवाला जातो, वाण घेतो, तिळगूळ खातो, कुंकू घेत नाही. करंडा आमच्यापुढूनही निघून जातो पण ती पोरगी हसून, "आपा तुम्हाला अत्तर" म्हणत पुढे जाते. डबक्यासारखं नाही वाटत.
आणि आमच्याकडचं विचारताय तर अब्बा गेले तेव्हा अम्मीची इद्दत, चार महिने दहा दिवस. घराबाहेर पडायचं नाही. अम्मीचं दुकान म्हणजे बाजारातली एक टपरी आणि मशीन. कामासाठी दिवसा बाहेर पडायला मुभा आहे असं सांगणारेही आलिम (धर्माचे जाणकार) आहेत, हे मला फार नंतर कळलं, तेव्हा मोहल्ल्यात कुणी सांगितलं नाही. इद्दत संपेपर्यंत लग्नसराई संपली आणि निम्मी गिऱ्हाईकं दुसरीकडे गेली. पेशवे साहेब, सगळीकडे आहे हो. रोजी कुणाची बुडते ते बघा.

कोपऱ्यातला_पेशवा
हे मला माहीत नव्हतं. सॉरी.

पाटीवरची_रेघ
मी स्वतः विधवा आहे आणि या धाग्यातल्या बऱ्याच जणी मला कुंकू लावायच्या तयारीत दिसतायत म्हणून लिहिते. मला नकोय. एका हौशी मॅडमनी मागे असंच धरून लावलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, मी घरी येऊन तोंड धुतलं. माझा राग वेगळाच आहे. गटाचं रजिस्टर मी लिहिते, व्याजाचा हिशोब मी काढते, पण तालुक्याच्या कार्यक्रमात पाहुण्यांना ओवाळायला सवाष्ण लागते, आणि जी ओवाळते तीच स्टेजवर बसते, तिलाच माईक मिळतो, पेपरात तिचाच फोटो. कुंकू ठेवा तुमच्याकडे, माईक द्या.

उसाचं_पाचट
हे आमच्याकडून झालंय ताई. ओवाळायला बाई शोधताना आम्हीच "कोण सवाष्ण आहे" विचारतो, कुणी सांगितलेलं नसतं. पण हळदीकुंकू मी तरी सोडणार नाही, नवीन सुनांना बाहेर काढायला दुसरा रस्ता मला सापडलेला नाही. फार तर ओवाळणं बंद करेन, पाहुण्यांना रोप देऊ.

तिरपी_मात्रा
रोप देणार कोण ते आधी ठरवा.

चटणीभाकर
बऱ्याच जणांनी विचारलं की जाऊबाईंचं स्वतःचं म्हणणं काय. आज दुपारी शेवया वाळत घालताना विचारलं, धागाही वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकलं, शेवया करतच होती. मग म्हणाली, त्या पोरीला मी काही बोलले नाही, तिचा कर्जाचा अर्ज माझ्याकडेच आहे, येईल सहीला. आणि सतरा गाळण्या उरल्यात त्या दुकानदार परत घेणारे का ते फोन करून विचार, जाळी आत्ताच निघायला लागलीय.